नियमांचा माणूस आणि मतांचे राजकारण

फुटबॉलचा सामना पाहताना पंच मैदानावर कोठून कोठे धावतो, याकडे प्रेक्षकाचे सहसा लक्ष जात नाही. नीट निरखले तर दिसते की, तो एका कोपऱ्यापासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या रेषेच्या आसपास वावरत असतो. या रेषेपासून दूर राहणारे मैदानाचे दोन भाग दोन बाजूंचे साहाय्यक पंच सांभाळतात. त्यामुळे चेंडू कोठेही असला, तरी पंच आणि एक साहाय्यक यांच्या नजरेच्या टप्प्यात तो राहतो. मुंबईच्या कूपरेजवरील स्थानिक सामना असो वा विश्वचषकाची अंतिम लढत, ही रचना सारखीच आढळते. ती जगभर रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांना दिले जाते, ते सर स्टॅन्ली राऊस आज फारसे कोणाला आठवत नाहीत. शाळेतील क्रीडाशिक्षक, नामवंत पंच, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव आणि अखेर १९६१ ते १९७४ या काळात ‘फिफा’ या जागतिक संघटनेचे अध्यक्ष, असा त्यांचा प्रवास झाला.

या प्रवासाचा पूर्वार्ध यशाचा आहे आणि उत्तरार्ध पराभवाचा. ज्या गुणांनी राऊस मोठे झाले, त्याच गुणांनी त्यांना अखेरीस गोत्यात आणले. पंचाची तटस्थता आणि प्रशासकाची तटस्थता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा फरक त्यांच्या कारकिर्दीइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसतो.

शाळामास्तर आणि शिट्टी

राऊस यांचा जन्म २५ एप्रिल १८९५ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील मटफर्ड या खेड्यात झाला. शिक्षक होण्यासाठी त्यांनी एक्सेटरच्या सेंट ल्यूक्स महाविद्यालयात शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते आणि त्या काळात इजिप्त व पॅलेस्टाइनपर्यंत जाऊन आले. युद्धानंतर १९२१ मध्ये ते वॉटफर्ड ग्रामर स्कूलमध्ये क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढील तेरा वर्षे तेथेच राहिले. तरुणपणी ते हौशी गोलरक्षक होते. पण मनगटाच्या दुखापतीने खेळणे थांबले आणि त्यांनी पंचगिरी पत्करली.

या क्षेत्रात त्यांची प्रगती वेगाने झाली. १३ मार्च १९२७ रोजी अँटवर्प येथे बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्यातील लढतीत त्यांनी पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय पंच म्हणून काम पाहिले. पुढे अशा तीसहून अधिक लढती त्यांच्या हातून पार पडल्या. २८ एप्रिल १९३४ रोजी वेम्बलीवर झालेला एफए चषकाचा अंतिम सामना हा त्यांच्या पंचगिरीचा कळस ठरला. मँचेस्टर सिटीने पोर्टस्मथला २-१ असे हरवले. शेवटची शिट्टी वाजताच सिटीचा तरुण गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट ताण असह्य होऊन मैदानावरच बेशुद्ध पडला, ही हकिकत इंग्लिश फुटबॉलमध्ये आजही सांगितली जाते. त्याच वर्षी राऊस यांनी शिट्टी खाली ठेवली आणि ते फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. त्यांच्या आधी सर फ्रेडरिक वॉल हे जवळजवळ चार दशके त्या पदावर होते.

सतरा कलमांची घटना

नव्या सचिवाचे सर्वांत टिकाऊ काम कागदावरचे आहे. एकोणिसाव्या शतकापासून फुटबॉलच्या नियमांत वेळोवेळी भर पडत गेली होती. दुरुस्त्यांना दुरुस्त्या जोडल्याने त्यांची मांडणी विस्कळीत झाली होती. राऊस यांनी या नियमांची पुनर्रचना केली आणि १९३८ मध्ये त्यांचा मसुदा स्वीकारला गेला. मैदान, चेंडू, खेळाडूंची संख्या आणि त्यांचा पोशाख ही पहिली चार कलमे. मग पंच आणि साहाय्यक. त्यानंतर सामन्याचा कालावधी, खेळाची सुरुवात, चेंडू खेळात असणे व नसणे, आणि गोल. पुढे ऑफसाइड, गैरवर्तन, फ्री किक, पेनल्टी, थ्रो-इन, गोल किक आणि शेवटी कॉर्नर किक. आधी खेळाची साधने, मग माणसे, मग वेळ आणि शेवटी प्रसंग, असा हा शिक्षकी क्रम आहे. वर्गात शिकवता येईल अशीच ही मांडणी होती.

त्यानंतर नियमांचे शब्द अनेकदा बदलले. १९९७ मध्ये त्यांची भाषा आटोपशीर करण्यात आली. २०१६ मध्ये पुन्हा मोठे पुनर्लेखन झाले आणि त्याचे नेतृत्व डेव्हिड एलरे यांनी केले. योगायोग असा की, तेही माजी पंच आणि शाळेतील शिक्षक होते. मात्र कलमांची संख्या आजही सतराच आहे.

सचिव या नात्याने राऊस यांनी इंग्लिश फुटबॉलची दारेही बाहेरच्या जगासाठी किलकिली केली. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून ब्रिटिश संघटना १९२८ मध्ये ‘फिफा’तून बाहेर पडल्या होत्या. त्या १९४६ मध्ये परतल्या. मे १९४७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ग्रेट ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप असा सामना झाला आणि त्याचे उत्पन्न युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ‘फिफा’च्या तिजोरीला उपयोगी पडले. प्रशिक्षण ही हाताळण्याजोगी विद्या आहे, यावर राऊस यांचा विश्वास होता. म्हणूनच १९४६ मध्ये वॉल्टर विंटरबॉटम यांना राष्ट्रीय प्रशिक्षणाची सूत्रे देण्यात आली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील फुटबॉलच्या आयोजनातही राऊस यांचा वाटा होता. त्याच स्पर्धेत, ३१ जुलै रोजी इलफर्ड येथे, स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला होता. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा हातचा निसटला. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, राऊस यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

अध्यक्षपदी पंच

मार्च १९६१ मध्ये ‘फिफा’चे अध्यक्ष आर्थर ड्रूरी यांचे निधन झाले आणि सप्टेंबरमध्ये राऊस त्यांच्या जागी निवडून आले. तेव्हाची ‘फिफा’ आजच्यासारखी श्रीमंत नव्हती. झुरिचमधील मोजक्या कर्मचाऱ्यांवर तिचा कारभार चाले.

खेळाच्या बाजूने पाहिले, तर राऊस यांच्या काळात मोलाची कामे झाली. १९६२ मध्ये सांतियागो येथे झालेला चिली-इटली सामना हाणामारीसाठी कुप्रसिद्ध ठरला. इटलीच्या दोन खेळाडूंना बाहेर काढावे लागले आणि त्यांपैकी एकाला नेण्यासाठी पोलीस मैदानात आले. त्या सामन्याचे पंच इंग्लंडचे केन ॲस्टन हे होते. १९६६ च्या विश्वचषकात पंचांची व्यवस्था ॲस्टन यांच्याकडे असताना तसाच प्रसंग पुन्हा ओढवला. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनिओ रातिन याला जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी बाहेर जाण्यास सांगितले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि रातिन कित्येक मिनिटे जागचा हलेना. या गोंधळावर विचार करताना ॲस्टन यांना रस्त्यावरील वाहतुकीचे दिवे पाहून पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे आली, बदली खेळाडूंनाही तेथेच प्रथम परवानगी मिळाली आणि त्या संपूर्ण स्पर्धेत एकदाही लाल कार्ड दाखवावे लागले नाही. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्यासारख्या तज्ज्ञांना आशिया-आफ्रिकेत पाठवून प्रशिक्षक घडवण्याचे कामही याच काळात सुरू झाले.

तथापि १९६६ च्या त्याच उपांत्यपूर्व फेरीने एक संशयही मागे ठेवला. इंग्लंड-अर्जेंटिना सामन्याला जर्मन पंच आणि पश्चिम जर्मनी-उरुग्वे सामन्याला इंग्लिश पंच नेमले गेले होते. जर्मनीविरुद्ध उरुग्वेचे दोन खेळाडू बाहेर काढण्यात आले. युरोपने आपापसात साटेलोटे केले, अशी भावना दक्षिण अमेरिकेत पसरली. कटाचा पुरावा कधीच पुढे आला नाही. परंतु यजमान इंग्लंड, अध्यक्ष इंग्लिश आणि पंचांचे प्रमुखही इंग्लिश, एवढी जुळणी संशयाला पुरेशी होती. केवळ तटस्थ असून भागत नाही, तसे दिसावेही लागते, हा पंचगिरीतील पहिला धडा पंचांच्याच अध्यक्षाच्या कारकिर्दीत दुर्लक्षिला गेला.

नियमांत नसलेला प्रश्न

राऊस यांची खरी कसोटी मात्र मैदानाबाहेर लागली. एकट्या १९६० मध्ये आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले होते. नवी राष्ट्रे ध्वज आणि राष्ट्रगीताबरोबरच फुटबॉल संघही घेऊन जगापुढे येत होती. आफ्रिकी महासंघ १९५७ मध्ये स्थापन झाला, तेव्हा इजिप्त, सुदान आणि इथिओपियासोबत दक्षिण आफ्रिकाही त्यात होती. पण आपला संघ सर्व गोरा किंवा सर्व काळा असेल, मिश्र नसेल, या हट्टामुळे तिला पहिल्याच स्पर्धेपासून बाहेर राहावे लागले.

‘फिफा’ने १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांच्या संघटनेला निलंबित केले. जानेवारी १९६३ मध्ये राऊस स्वतः एका सहकाऱ्यासह तेथे पाहणीसाठी गेले. परतल्यावर त्यांनी मांडलेली भूमिका अशी की, वर्णभेदाचे धोरण सरकारचे आहे, फुटबॉल संघटनेचे नव्हे. संघटनेला देशाचा कायदा पाळावाच लागतो. निलंबन चालू ठेवल्यास तेथील खेळाचे नुकसान होईल. वर्णभेदाविरुद्ध उभी असलेली प्रतिस्पर्धी संघटना त्यांना राजकीय हेतूने प्रेरित वाटली. निलंबन उठले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेने असा तोडगा सुचवला की, १९६६ च्या विश्वचषकासाठी गोऱ्यांचा संघ पाठवावा आणि १९७० साठी काळ्यांचा! यातील विपरीतपणा आफ्रिकी व आशियाई देशांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियोच्या अधिवेशनात त्यांनी निलंबन पुन्हा लादून घेतले.

राऊस यांना वंशद्वेष्टे ठरवून हा विषय संपवणे सोपे आहे; पण त्यातून काही समजत नाही. ते पंचाच्या नजरेने पाहत होते. पंचापुढे अकरा खेळाडूंचे दोन संघ येतात. हे अकराच का निवडले गेले, बाराव्याला फाटकाबाहेर कोणी थोपवले, हे विचारण्याचा अधिकार पंचाला नसतो. त्याची सत्ता सीमारेषेच्या आत सुरू होते आणि तेथेच संपते. राऊस यांनी मांडलेल्या सतरा कलमांत खेळाडूने पायात काय घालावे हे आहे; कोणत्या कातडीच्या माणसाला खेळू द्यावे, हे नाही. पंचाला हे मौन शोभते. अध्यक्षाचे काम मात्र सीमारेषा आखण्याचे असते. रेषेपलीकडे पाहण्याचे नाकारणे हाही तेथे एक निर्णय ठरतो, आणि त्याचा लाभ रेषेच्या आत आधीच उभ्या असलेल्याला मिळतो.

हाच दोष १९६६ च्या विश्वचषकातील जागावाटपात दिसला. सोळांपैकी दहा जागा युरोपला, चार दक्षिण अमेरिकेला आणि एक उत्तर व मध्य अमेरिकेला मिळाली. आफ्रिका, आशिया आणि ओशियानिया यांना मिळून एकच जागा उरली. घानाचे क्रीडा प्रशासक ओहेने जान आणि इथिओपियाचे यिद्नेकाचेव्ह तेसेमा यांनी पुढाकार घेतला आणि आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवर सामूहिक बहिष्कार टाकला. ‘फिफा’ने त्यांना दंड केला. उरलेली जागा उत्तर कोरियाने ऑस्ट्रेलियाला हरवून मिळवली आणि मिडल्सब्रो येथे इटलीला १-० असे नमवून साऱ्या जगाला थक्क केले. दुबळे म्हणून ज्यांना एका जागेत कोंबले होते, त्यांचेच हे उत्तर होते. त्या स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल करणारा युसेबिओ हा मोझांबिकमध्ये जन्मलेला होता. पण मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत असल्याने तो पोर्तुगालकडून खेळला. आफ्रिकेचा एकही देश नसलेल्या स्पर्धेत सर्वाधिक गोल आफ्रिकेच्या मुलाने केले होते. बहिष्काराचे फळ पुढच्या वेळी मिळाले. १९७० साठी आफ्रिकेला स्वतंत्र जागा देण्यात आली आणि मोरोक्को मेक्सिकोला गेला.

रिकाम्या मैदानावरील गोल

१९७३ मध्ये आणखी एक प्रसंग उद्भवला. विश्वचषकातील एका जागेसाठी सोव्हिएत संघ आणि चिली यांच्यात दोन लढती व्हायच्या होत्या. ११ सप्टेंबर रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि सांतियागोचे राष्ट्रीय स्टेडियम हजारो राजकीय कैद्यांची छावणी बनले. तेथे छळ झाला आणि माणसे मारलीही गेली. मॉस्कोतील पहिली लढत गोलशून्य बरोबरीत सुटली. सांतियागोच्या त्या मैदानावर खेळण्यास सोव्हिएत संघाने नकार दिला. ‘फिफा’ने दोघांचे पथक पाहणीसाठी पाठवले, आणि मैदान खेळण्यायोग्य असल्याचा निर्वाळा मिळाला.

२१ नोव्हेंबर १९७३ रोजी चिलीचा संघ प्रतिस्पर्ध्याविना मैदानात उतरला, आपसात चेंडू सरकवत पुढे गेला आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने तो मोकळ्या गोलमध्ये ढकलला. सोव्हिएत संघ बाद झाला. सोव्हिएत राजवटीचा स्वतःचा इतिहास कैद्यांच्या छावण्यांनी भरलेला होता आणि तिचा नकारही राजकारणापासून मुक्त नव्हता, हे खरे. तरीही ‘मैदानाची स्थिती’ या शब्दांत केवळ गवत आणि खुणा एवढेच मोजायचे, तर त्याचा शेवट कोठे होतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले. पुस्तकातील नियम तंतोतंत पाळला गेला होता. खेळ मात्र झालाच नव्हता.

फ्रँकफर्टचा निकाल

११ जून १९७४ रोजी, विश्वचषक सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, फ्रँकफर्ट येथे ‘फिफा’ची अध्यक्षीय निवडणूक झाली. राऊस तेव्हा ७९ वर्षांचे होते. त्यांच्यासमोर ५८ वर्षांचे ब्राझिलियन उद्योजक जोआंव हॅवेलांज उभे होते. ते दोन वेळचे ऑलिंपिकपटू आणि ब्राझीलच्या क्रीडा महासंघाचे प्रमुख होते. ‘फिफा’त प्रत्येक सदस्य देशाला एक मत असते. इंग्लंडचे एक आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या छोट्या देशाचेही एकच. हॅवेलांज यांनी हे गणित नेमके ओळखले. त्यांनी जगभर दौरे केले. आफ्रिका आणि आशियातील संघटनांना भेटून विश्वचषकात अधिक संघ, युवकांसाठी जागतिक स्पर्धा, प्रशिक्षणासाठी साह्य आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कठोर भूमिका यांची आश्वासने दिली. राऊस यांचा भर आपल्या आजवरच्या कामावर होता. पंच मते मागत नाही. निर्णय देतो आणि तो मान्य होईल असे गृहीत धरतो. पहिल्या फेरीत निर्णय झाला नाही. दुसऱ्या फेरीत हॅवेलांज यांनी ६८ विरुद्ध ५२ मतांनी बाजी मारली.

बहुतेक आश्वासने पुरी झाली. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेची ‘फिफा’तून हकालपट्टी झाली, वर्णभेदाची राजवट मोडकळीस आल्यावर, १९९२ मध्येच तिचा पुनर्प्रवेश झाला. १९७७ मध्ये ट्युनिशियात युवकांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि १९८२ मध्ये विश्वचषकातील संघ चोवीस झाले. या सर्वांसाठी पैसा पुरस्कर्त्या कंपन्यांकडून आला आणि त्याबरोबर एक नवी संस्कृतीही आली. हॅवेलांज यांनी व्यापारी हक्क सांभाळणाऱ्या आयएसएल या कंपनीकडून लाच घेतल्याचे ‘फिफा’च्याच नैतिकता समितीच्या अहवालात नमूद झाले आणि २०१३ मध्ये त्यांना मानद अध्यक्षपद सोडावे लागले. २०१५ मध्ये झुरिच येथे ‘फिफा’च्या पदाधिकाऱ्यांना झालेली अटक हा त्याच संस्कृतीचा पुढचा अध्याय.

त्यामुळे राऊस यांचा काळ आठवून उसासे टाकणारे अनेक आहेत. पैशाच्या व्यवहारात त्यांच्याकडे बोट दाखवले गेले नाही, हे खरेच. परंतु या आठवणीत एक गफलत आहे. १९७४ मध्ये ज्या देशांनी हॅवेलांज यांना मते दिली, त्यांनी भ्रष्टाचाराला मत दिले नव्हते. दक्षिण आफ्रिकेबाबत दहा वर्षांहून अधिक काळ आपले म्हणणे ऐकले जात नाही, विश्वचषकात आपल्याला जागा नाही, याविरुद्ध त्यांचे मत होते. स्वच्छ हातांच्या प्रशासनाने न्यायाचा प्रश्न कार्यक्षेत्राबाहेरचा मानला, म्हणून तो प्रश्न दुसऱ्याच्या हाती गेला. आणि ते हात स्वच्छ निघाले नाहीत. जगाने याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली.

‘खेळात राजकारण आणू नये’ हे वाक्य आजही दर काही वर्षांनी ऐकू येते. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फिफा’ने रशियाच्या संघांना अवघ्या काही दिवसांत निलंबित केले, तेव्हा राऊस यांच्या भूमिकेपासून ही संघटना किती दूर आली आहे, हे दिसले. इतर प्रसंगी तीच तत्परता का दिसत नाही, असेही लगेच विचारले गेले. या प्रश्नाला सतरा कलमांत उत्तर नाही. ते प्रत्येक वेळी नव्याने, उघडपणे आणि सर्वांना सारखे मोजून द्यावे लागते.

राऊस यांना पराभवानंतर ‘फिफा’चे मानद अध्यक्षपद देण्यात आले. १८ जुलै १९८६ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मेक्सिकोतील विश्वचषक संपून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. त्या स्पर्धेत चोवीस संघ होते, मोरोक्कोने आपल्या गटात पहिले स्थान मिळवले होते आणि प्रत्येक सामन्यातील पंच राऊस यांनी रूढ केलेल्या तिरप्या रेषेच्या आसपास धावत होते.